उन्हात आयोडीनचं काय होतं? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हवेतल्या आयोडीनवर एक छोटी चौकट छापली होती. समुद्रावरून हवेत येणारी आयोडीनची संयुगं उन्हात तुटतात आणि सुटलेलं आयोडीन ओझोन संपवतं, एवढंच त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले आठ प्रश्न निवडून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजात बंद चंबूत आयोडीनचे स्फटिक ठेवलेले आहेत. चंबू उन्हात ठेवला की जांभळी वाफ दिसते आणि संध्याकाळपर्यंत ती जांभळीच राहते. ऊन आयोडीनचा रेणू तोडत असेल, तर रंग जायला नको का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

रेणू तुटतात. वाफ जांभळी दिसते हाच त्याचा पहिला पुरावा आहे. उन्हातला हिरवा-पिवळा प्रकाश ती शोषून घेते, म्हणून उरलेला निळा आणि तांबडा मिळून आपल्याला जांभळा दिसतो. हे शोषण ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतं. त्या प्रकाशाची ऊर्जा एका मोलमागे सुमारे २२६ किलोज्यूल भरते. आयोडीनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला लागतात जेमतेम १५१. म्हणजे हा रेणू तुटायला अतिनील किरणसुद्धा लागत नाहीत, साधा दिसणारा प्रकाश पुरतो. भर दुपारी मोकळ्या हवेत आयोडीनचा रेणू सरासरी दहा सेकंदांच्या आसपास टिकतो.

मग चंबूत रंग का जात नाही? कारण तिथे सुटलेल्या अणूला दुसरं कोणी भेटतच नाही. दोन आयोडीन अणू एकमेकांना गाठतात, हवेचा एखादा रेणू किंवा चंबूची काच त्यांची जादा ऊर्जा काढून घेते आणि पुन्हा आयोडीनचा रेणू तयार होतो. तुटणं आणि जुळणं दिवसभर एकाच वेगाने चालू राहतं, म्हणून बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. टिंक्चर आयोडीनसारख्या द्रवात तर ही जुळणी आणखी लवकर होते. भोवतालचे द्रावकाचे रेणू दोन्ही अणूंना कोंडून ठेवतात आणि ते दूर जाण्याआधीच परत चिकटतात.

मोकळ्या हवेत चित्र वेगळं असतं. समुद्रावरच्या हवेत आयोडीनचे मोकळे अणू एक पीपीटी, म्हणजे एक लाख कोटी रेणूंमागे एक, इतके धरले आणि ओझोन ३० पीपीबी, म्हणजे शंभर कोटींमागे ३० धरला, तर एका आयोडीन अणूमागे ओझोनचे तीस हजार रेणू होतात. आपला जोडीदार सापडण्याआधीच, साधारण एका सेकंदात, अणू ओझोनला धडकतो आणि आयोडीन मोनॉक्साइड तयार होतो. तुमच्या चंबूत ओझोन सोडला, तर जांभळा रंग फिका पडत जाईल आणि काचेवर आयोडीन ऑक्साइडची पिवळसर भुकटी बसेल. ओझोन फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे धूर ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय हे करू नका.

प्रश्न : आयोडीनची सगळीच संयुगं उन्हात सारख्याच वेगाने तुटतात का? (रसायनशास्त्राच्या शिक्षिका, सातारा)

नाही. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रकाशाची ऊर्जा काढायचं एक सोपं सूत्र वर्गात वापरता येईल. १,१९,६०० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, उत्तर किलोज्यूल प्रति मोलमध्ये येतं. मिथाइल आयोडाइडमधला कार्बन-आयोडीन बंध तोडायला सुमारे २३९ किलोज्यूल लागतात. सूत्र उलटं लावलं तर ५०० नॅनोमीटर येतं, म्हणजे निळसर हिरवा प्रकाश. नुसत्या ऊर्जेचा हिशेब पाहिला तर मिथाइल आयोडाइड सकाळच्या कोवळ्या उन्हातही तुटायला हवं. प्रत्यक्षात ते चार-पाच दिवस, कधी आठवडाभर टिकतं.

कारण ऊर्जा पुरेशी असून भागत नाही, रेणूने तो प्रकाश शोषलाही पाहिजे. मिथाइल आयोडाइड सर्वांत जास्त शोषण करतं २६० नॅनोमीटरला. तिथला सूर्यप्रकाश वरचा ओझोनचा थर अडवतो, जमिनीपर्यंत पोहोचतो तो साधारण २९५-३०० नॅनोमीटरपासून पुढचा. मिथाइल आयोडाइडचं शोषण त्या पट्ट्यात अगदी शेपटाएवढं उरतं आणि ३५० च्या आसपास संपतं. हा शेपटाचा तुकडा आणि ऊन जिथे एकमेकांवर येतात, तेवढ्या अरुंद फटीतून ते तुटतं.

त्याच रेणूत आयोडीनचा दुसरा अणू घातला की डायआयोडोमिथेन होतं आणि शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. त्याची शिखरं २९० आणि ३१० च्या आसपास, आणि शेपूट ३८० पर्यंत. ते दुपारच्या उन्हात पाचेक मिनिटांत तुटतं. मधली मंडळीही अशीच ओळीने बसतात. आयोडीनच्या जोडीला ब्रोमीन असेल (ब्रोमोआयोडोमिथेन) तर पाऊण-एक तास, क्लोरीन असेल (क्लोरोआयोडोमिथेन) तर दोन-तीन तास.

एक खबरदारी. आयुष्य पाच मिनिटं याचा अर्थ पाच मिनिटांनी सगळं संपलं असा नाही. पाच मिनिटांनी ३७ टक्के उरतं, दहा मिनिटांनी १४, पंधरा मिनिटांनी ५. परीक्षेत विद्यार्थी हे अर्धआयुष्याशी गल्लत करतात. अर्धआयुष्य हवं असेल तर आयुष्याला ०.६९ ने गुणायचं.

आता वारा सेकंदाला पाच मीटर धरा. आयोडीनचा रेणू तुटण्याआधी पन्नास मीटर जाईल, म्हणजे वाळूपासून सुरूच्या बनापर्यंतही क्वचितच. डायआयोडोमिथेन दीड किलोमीटर, क्लोरोआयोडोमिथेन पन्नास किलोमीटरच्या आसपास आणि मिथाइल आयोडाइड दोन हजार किलोमीटर. म्हणून किनाऱ्यालगत जे घडतं ते पहिल्या दोघांमुळे, आणि समुद्रापासून दूर किंवा उंचावर आयोडीन नेऊन सोडण्याचं काम मिथाइल आयोडाइडचं. हे आकडे निरभ्र दुपारचे आहेत. पावसाळी ढगांखाली सगळी आयुष्यं लांबतात, रात्री ऊन नसल्यामुळे हा मार्गच बंद होतो.

प्रश्न : हे आयोडीन हवेत येतं ते शेवाळातूनच ना? आणि किनाऱ्यावर येतो तो वास आयोडीनचाच का? (मालवण)

वासाचं आधी सांगतो. ‘समुद्राचा वास’ म्हणून आपण ओळखतो तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा, गंधकाच्या संयुगाचा. हवेत असतं तेवढं आयोडीन नाकाला कळत नाही.

शेवाळाशी आयोडीनचं नातं जुनं आहे. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांनी समुद्री शेवाळाच्या राखेवर गंधकाम्ल जास्त ओतलं, तेव्हा जांभळी वाफ निघाली आणि आयोडीन सापडलं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेड इथे लॅमिनेरिया या मोठ्या शेवाळाची रानं आहेत. त्याच्या कोरड्या वजनात टक्का-दीड टक्का, कधी त्याहूनही जास्त आयोडीन असतं. ओहोटीला हे शेवाळ उघडं पडतं, हवेतल्या ओझोनचा मारा त्याच्यावर होतो आणि साठवलेलं आयोडाइड (आयोडीनचं क्षारातलं रूप) वापरून ते स्वतःला वाचवतं. त्यातून आयोडीनचे रेणू हवेत सुटतात. भर दिवसा ओहोटी आली की तिथे काही मिनिटांत हवेत अतिसूक्ष्म कणांची लाट उठते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. कोकणात लॅमिनेरिया नाही. तुमच्याकडच्या खडकांवर सरगॅसम आहे, पण त्यात आयोडीन कितीतरी कमी.

मात्र खुल्या महासागराचा विचार केला तर शेवाळ हा मुख्य स्रोत नाही. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सर्व रूपांत मिळून ५५-६० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं, काही आयोडाइड, काही आयोडेट (ऑक्सिजन जोडलेलं रूप). हवेतला ओझोन पाण्याच्या पृष्ठभागावर आयोडाइडला भेटला की हायपोआयोडस आम्ल आणि थोडे आयोडीनचे रेणू तयार होऊन वर उठतात. ना शेवाळ लागतं, ना ऊन. अटलांटिकच्या उष्ण भागावर हवेत जेवढा आयोडीन मोनॉक्साइड दिसतो, त्यातला तीन चतुर्थांश या मार्गाने आलेला असावा, असा हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला. हायपोआयोडस आम्लही उन्हात काही मिनिटांतच तुटतं.

प्रश्न : आयोडीन ओझोन संपवतं, तर ते चांगलं की वाईट? ओझोनच्या छिद्राशी याचा संबंध आहे का? (नाशिक, पुणे आणि शारजाहून आलेली पत्रं)

ओझोन कुठला, यावर उत्तर ठरतं. वातावरणातला सुमारे नव्वद टक्के ओझोन वर स्थितांबरात आहे. तो अतिनील किरण अडवतो, तो हवाच. आपण श्वासात घेतो त्या थरातला ओझोन मात्र पिकं आणि फुप्फुसं दोन्हींना अपायकारक आहे, शिवाय तो हवा तापवतो. समुद्रावर आयोडीन संपवतं ते मुख्यतः या खालच्या ओझोनला.

हे चक्र कसं फिरतं ते पाहा. आयोडीनचा अणू ओझोनकडून एक ऑक्सिजन घेतो आणि आयोडीन मोनॉक्साइड होतो. आता दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत ऊनच त्याला काही सेकंदांत पुन्हा तोडतं. सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला मिळून ओझोन परत तयार होतो, म्हणजे हिशेब शून्य. पुष्कळ लेखांत ही वाट गाळली जाते आणि मग आयोडीन दर सेकंदाला एक ओझोन खातं असा चुकीचा समज होतो. दुसऱ्या वाटेत मोनॉक्साइडला हायड्रोपेरॉक्सी मूलक (हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा, लगेच अभिक्रिया करणारा तुकडा) भेटतो आणि हायपोआयोडस आम्ल बनतं. ते ऊन लागून तुटतं तेव्हा आयोडीनचा अणू सुटतो, पण यावेळी ओझोन परत मिळत नाही. सुटलेला अणू पुढच्या ओझोनकडे वळतो. उन्हाने आयोडीन संपत नाही, ते पुन्हापुन्हा मोकळं होतं. म्हणून एवढ्याशा आयोडीनचा एवढा परिणाम. अटलांटिकमधल्या केप व्हर्ड बेटांवरच्या वेधशाळेत ओझोनची घट, ब्रोमीन-आयोडीन न धरलेल्या गणितापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाली होती. तो निष्कर्ष २००८ चा.

मोनॉक्साइडचे रेणू दाट असतील, जसे मेस हेडला, तर ते एकमेकांशी जुळून मोठी ऑक्साइडं बनवतात, आयोडिक आम्लही तयार होतं आणि त्यांचे कण होतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात ‘क्लाउड’ नावाच्या मोठ्या पोलादी कक्षात हे तपासलं गेलं. तितक्याच प्रमाणातल्या गंधकाम्ल-अमोनियापेक्षा आयोडिक आम्लाचे कण जास्त वेगाने बनतात, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. असे कण पुरेसे वाढले तर त्यांच्यावर ढगांचे थेंब धरू शकतात.

आता छिद्राचं. अंटार्क्टिकावरचं छिद्र मुख्यतः क्लोरीन आणि ब्रोमीनने पाडलेलं आहे. सीएफसी, म्हणजे पूर्वी फ्रिजमध्ये वापरली जाणारी क्लोरीनची संयुगं, खालच्या उन्हात तुटत नाहीत, दशकानुदशकं टिकून वर पोहोचतात आणि तिथल्या तीव्र अतिनील किरणांत तुटतात. आयोडीनची संयुगं वाटेतच तुटतात, म्हणून ती वर कमी जातात. याच कारणाने ओझोनला घातक असलेल्या मिथाइल ब्रोमाइडऐवजी जमिनीतली कीड मारायला धुरी देण्यासाठी मिथाइल आयोडाइड पुढे आणलं गेलं. अमेरिकेत २००७ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण ते माणसाला विषारी असल्याने कडाडून विरोध झाला आणि २०१२ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं गेलं. ओझोनला निरुपद्रवी म्हणजे शेतमजुराला निरुपद्रवी नव्हे, हे त्या परवानगीच्या वेळीच ठरवायला हवं होतं. वर अजिबात आयोडीन नसतं असंही मानू नका. विमानांतून घेतलेल्या मोजमापांवरून स्थितांबराच्या खालच्या भागात पाऊण पीपीटीच्या आसपास आयोडीन पोहोचतं, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं.

आणखी एक धागा. आल्प्स आणि ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदींनुसार विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे साचणारं आयोडीन सुमारे तिप्पट झालं आहे. वाहनं आणि कारखान्यांमुळे खालचा ओझोन वाढला, वाढलेल्या ओझोनने समुद्रातून जास्त आयोडीन बाहेर काढलं. ते आयोडीन पुन्हा ओझोन कमी करतं. समुद्राने लावलेला हा एक ब्रेकच म्हणायचा, पण प्रदूषणाच्या मानाने तो तोकडा आहे.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येईल असा एखादा प्रयोग सांगा. आमच्याकडे साधी प्रयोगशाळा आहे. (गुहागर तालुक्यातली एक शाळा)

समुद्राच्या पृष्ठभागावर घडते तीच अभिक्रिया कागदाच्या पट्टीवर दाखवता येते. ओझोनचा शोध लावणारे श्योनबाइन एकोणिसाव्या शतकात अशाच पट्ट्यांनी ओझोन तपासत.

साहित्य : डिस्टिल्ड वॉटर १०० मिली, कॉर्नफ्लोअर ५ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड १ ग्रॅम, फिल्टर पेपर, ब्रश, झिपची पारदर्शक पाकिटं, अॅल्युमिनियम फॉइल. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च. भाकरीचं पिवळं पीठ चालणार नाही.

कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहा. खळ दाट आणि अर्धपारदर्शक झाली की उतरवा, पोटॅशियम आयोडाइड घालून पूर्ण विरघळू द्या आणि गार होऊ द्या. फिल्टर पेपरच्या दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ, सारखा थर द्या. कागद अंधाऱ्या कपाटात वाळवा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि फॉइल गुंडाळलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. या पट्ट्या आधीच जांभळट दिसल्या तर टाकून द्या. खळ आणि पट्ट्या हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा.

आता तीन पट्ट्या डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा. पहिली ओसरीत, सावलीत पण वाऱ्याला टांगा. दुसरी झिपच्या पाकिटात बंद करून उन्हात ठेवा. तिसरी तशाच पाकिटात घालून वर फॉइल गुंडाळा आणि दुसरीच्या शेजारी उन्हातच ठेवा. आठ तासांनी तिन्ही पुन्हा ओलसर करून लगेच पाहा.

पहिलीवर फिकट जांभळ्यापासून निळसर जांभळ्यापर्यंत रंग येईल. हवेतल्या ओझोनने आयोडाइडमधून आयोडीन मोकळं केलं आणि स्टार्चने ते निळं दाखवलं. दुसरीला बाहेरची हवा मिळालेली नाही. तिच्यावर रंग आला तर तो ऊन आणि पाकिटातला ऑक्सिजन यांनी मिळून आणलेला. तिसरी जवळपास पांढरी राहायला हवी. तीही रंगली, तर तुमच्या पाण्यात किंवा खळीतच दोष आहे आणि बाकी दोघींवर विश्वास ठेवता येणार नाही. मुलांना हे आधी सांगू नका, तिसरी पट्टी कशाला ठेवली असं त्यांनाच विचारा.

कुठे बिघडतं? नळाचं पाणी वापरलं की त्यातला क्लोरीन ओझोनचंच काम करतो, खळ करतानाच निळसर झाक येते. पहिली पट्टी थेट उन्हात टांगली की ओझोन आणि ऊन यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत. दमट हवेत तेवढ्याच ओझोनला रंग जास्त येतो, त्यामुळे गुहागरच्या जूनमधल्या पट्टीची तुलना जानेवारीतल्या पट्टीशी करू नका. हवेची आर्द्रता रोज शेजारी लिहा. रस्त्याकडेच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइडही पट्टी रंगवतो, तर त्याच धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन रंग कमी करतो, म्हणून जागा रस्त्यापासून दूर निवडा. आलेला रंग फार वेळ टिकत नाही, आयोडीन उडून जातं. फोटो लगेच काढा, शेजारी पांढरा कागद धरून. आणि कोणी लिंबाचा रस घालून बघतो म्हणालं, तर त्यातलं क जीवनसत्त्व मोकळ्या आयोडीनला परत आयोडाइड करतं आणि रंग येतच नाही. मुद्दाम करून दाखवायला मात्र तो चांगला आहे.

दुसरी पट्टी आणि हवेतली प्रक्रिया एकच आहे असं मुलांना सांगू नका. पट्टीवर प्रकाश आयोडाइडच्या ऑक्सिडीकरणाला मदत करतो, हवेत तो रेणूचा बंध थेट तोडतो. दोन्हींत आयोडीन मोकळं होतं, एवढं साम्य.

प्रश्न : लाख कोटींत एक रेणू मोजतात तरी कसा? (ठाणे)

रेणू पकडून नाही, त्याने प्रकाशात पाडलेली सावली ओळखून. आयोडीन मोनॉक्साइड ४१५ ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ठरावीक ठिकाणी दातेरी पट्टे पाडतो. सर्वांत ठळक पट्टा ४२७ चा. छोटी दुर्बीण क्षितिजाजवळच्या आकाशाकडे रोखतात. तिथून येणारा प्रकाश समुद्रालगतच्या हवेतून कित्येक किलोमीटर आलेला असतो. तोच वर्णपट डोक्यावरच्या आकाशाच्या वर्णपटाशी ताडून पाहतात. दहा किलोमीटरच्या वाटेवर एक पीपीटी आयोडीन मोनॉक्साइड असेल तर ४२७ ला प्रकाश कमी होतो दहा हजारांत चार-पाच भाग. एवढासा फरक वाचायचा, तर वर्णपटमापीचं तापमान स्थिर ठेवावं लागतं आणि नायट्रोजन डायऑक्साइडचे त्याच पट्ट्यातले ठसे वजा करावे लागतात. जहाजावर तर आपल्याच धुराड्याचा धूर वाऱ्याने दुर्बिणीसमोर आला, की तेवढ्या वेळच्या नोंदी बाद.

या पद्धतीने किनाऱ्यावर आयोडीन मोनॉक्साइड पहिल्यांदा दिसला तो मेस हेडलाच, निष्कर्ष १९९९ मध्ये छापला गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागर आणि दक्षिण महासागरातल्या भारतीय मोहिमांच्या जहाजांवरून अशीच मोजमापं केली आहेत. तिथले आकडे साधारण एक पीपीटीपर्यंतचे आहेत.

प्रश्न : किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हवेतूनच आयोडीन मिळतं, मग साधं खडेमीठ खाल्लं तर काय बिघडलं? आणि वाळवणाबरोबर मीठ उन्हात ठेवलं की त्यातलं आयोडीन उडतं का? (अलिबाग, पणजी)

किनाऱ्याच्या हवेत सर्व रूपांतलं आयोडीन मिळून घनमीटरला साधारण दहा-वीस नॅनोग्रॅम असतं. माणूस दिवसाला वीसेक घनमीटर हवा घेतो. सगळंच्या सगळं अंगी लागलं असं धरलं तरी होतात ०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची त्याहून जास्त. म्हणजे हवेतून हजारातले एक ते तीन भाग. मासळीतून आयोडीन मिळतं, हवेवर विसंबू नका. आणि मीठ समुद्राच्या पाण्याचंच असलं तरी मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा आयोडीन बहुतेक उरलेल्या पाण्यातच राहतं.

मिठात आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट घालतात. आयोडाइड हवा, ओल आणि ऊन यांनी ऑक्सिडाइझ होऊन उडून जातं. आयोडेट आधीच ऑक्सिडाइझ झालेलं असतं आणि जमिनीवर पोहोचणारं ऊन ते फारसं शोषत नाही. म्हणून तासभर उन्हाने नुकसान होत नाही. खरा शत्रू ओल. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि ते खाली निथळलं, की आयोडेट त्याच्याबरोबर जातं. घट्ट झाकणाची बरणी आणि कोरडा चमचा, एवढी काळजी पुरते.

प्रश्न : अणुभट्टीच्या अपघातातलं किरणोत्सारी आयोडीनही उन्हात तुटून निकामी होतं का? (डहाणू)

नाही. प्रकाश तोडतो तो अणूंमधला बंध. अणूच्या केंद्रकाला त्याचा धक्काही लागत नाही. आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं आहे, ते उन्हात, अंधारात, पाण्यात तेवढंच राहतं. ऐंशी दिवसांनी हजारावा भाग उरतो.

ऊन त्याचं रूप मात्र बदलतं. भट्टीतून निसटलेल्या आयोडीनपैकी काही मिथाइल आयोडाइडच्या रूपात असतं. ते कागदी गाळणीत अडकत नाही, म्हणून अणुवीज केंद्रांत पोटॅशियम आयोडाइड किंवा ट्रायइथिलीनडायअमाइन मुरवलेल्या कोळशाच्या गाळण्या बसवतात. बाहेर आलंच तर काही दिवसांत ऊन ते तोडतं, सुटलेलं आयोडीन धूलिकणांना चिकटतं, पावसाबरोबर गवतावर उतरतं आणि गाईच्या दुधात येतं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर मुलांच्या थायरॉइडला सर्वांत जास्त मार याच वाटेने बसला.

अशा वेळी थायरॉइड आधीच साध्या आयोडीनने भरून टाकण्यासाठी द्यायच्या गोळीत मोठ्या माणसासाठी १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. ती सरकारी सूचनेनंतरच, सांगितलेल्या वेळीच घ्यायची. मीठ जास्त खाऊन ते काम होत नाही. किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ त्यासाठी साडेसहा किलोहून जास्त खावं लागेल. टिंक्चर तर पिऊच नये, ते विष आहे.